मोजणी धरणाच्या पायथ्यापासून

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, कोलंबिया नदीवर, समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर आत बॉनविल धरण आहे. १९३८ साली ते पुरे झाले आणि त्याच वर्षापासून तिथे नदीतून वर चढणारे मासे मोजले जाऊ लागले. धरणाच्या कडेने पाण्याचा जिना काढलेला आहे. एकाहून एक थोडी उंच अशी काँक्रीटची टाकी, त्यांतून खाली येणारे पाणी आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने एकेक टाकी चढत जाणारे सामन मासे. जिन्याच्या एका टप्प्यावर वाट मुद्दाम अरुंद केलेली असते. सुरुवातीच्या काळात तिथे पाण्याखाली पांढरी फळी ठेवत आणि वर बसलेला माणूस फळीवरून सरकणारी प्रत्येक काळी आकृती ओळखून नोंदवी. आता काचेची खिडकी आहे, रात्रीसाठी व्हिडिओ आहे. मोजणाऱ्याने तासातली ५० मिनिटे मोजायचे, १० मिनिटे डोळ्यांना विश्रांती द्यायची आणि आकडा त्या प्रमाणात वाढवून तास पुरा करायचा, ही रीत तिथे रुळलेली आहे. चिनूक किती, सॉकआय किती, कोहो, स्टीलहेड, शॅड, लॅम्प्रे किती, हे रोजच्या रोज जाहीर होते आणि कोळ्यांपासून न्यायालयांपर्यंत सगळे ते आकडे वापरतात.

जगात फार थोड्या नद्यांच्या माशांची इतकी लांब, सलग आणि सर्वांना खुली नोंद आहे. म्हणून धरणांवरचे मत्स्यमार्ग आणि त्यांतून होणारी माशांची पाहणी या प्रश्नाचा आढावा कोलंबियापासूनच सुरू करावा लागतो. ही नोंद मोठ्या किमतीला मिळाली आहे, हेही आधीच सांगायला हवे. वसाहती होण्यापूर्वी कोलंबियाच्या खोऱ्यात दर वर्षी १ ते १.६ कोटी सामन परतत असावेत, असा अंदाज आहे. बॉनविलच्या वर द डॅलेस धरण झाले आणि १० मार्च १९५७ रोजी त्याचे दरवाजे बंद होताच सिलायलोचा धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. त्या धबधब्यावर आदिवासी जमाती हजारो वर्षे लाकडी मचाणांवरून सामन धरत आल्या होत्या. त्याहून वर असलेल्या ग्रँड कूली धरणाला माशांची वाट ठेवलीच नाही. त्यापलीकडच्या शेकडो किलोमीटरच्या नदीतला सामन तिथेच संपला. तिथे मोजायलाही काही उरले नाही.

मत्स्यमार्गातून गेलेल्या माशांचा आकडा आपल्याला नेमके काय सांगतो? तो सांगतो की इतके मासे वर गेले. धरणाच्या पायथ्याशी किती आले होते, त्यांतल्या कितींना वाटेचे तोंड सापडले, किती दिवस ते टर्बाईनमधून सुटणाऱ्या पाण्याच्या जोरात घुटमळत राहिले, किती थकून मागे फिरले, यातले काहीही त्या आकड्यात नसते. स्टँडवरून सुटलेल्या एसटीतले प्रवासी मोजले म्हणून फलाटावर राहिलेल्यांची संख्या कळत नाही, तसेच हे. जगभरच्या मत्स्यमार्गांचा अभ्यास वाचताना माझे मत पक्के होत गेले आहे की, पायथ्याशी आलेल्या माशांचा अंदाज नसेल तर खिडकीतून घेतलेल्या आकड्याला मत्स्यमार्गाच्या यशाचा पुरावा म्हणता येत नाही. आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच पुरावा म्हणून पुढे केला जातो.

याची पहिली मोठी शिकवण कॅनडातल्या फ्रेझर नदीने दिली. तिथे हेल्स गेट नावाची अरुंद घळ आहे. १९१३-१४ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामात दरडी नदीत कोसळल्या आणि सॉकआय सामनची वाट अडली. पुढची कित्येक वर्षे अडथळा दूर झाला असे मानले जात होते, कारण मासे वर जाताना दिसत होते. १९३८ पासून विल्यम थॉम्प्सन यांच्या चमूने घळीच्या खाली मासे पकडून त्यांना खुणेच्या चकत्या लावायला आणि ते पुढे कुठे सापडतात हे पाहायला सुरुवात केली. त्यातून दिसले की नदीची पातळी ठरावीक उंचीच्या दरम्यान असली की मासे घळीशी अडकून पडतात. पातळी बदलली की त्यातले काही पार होतात, बरेचसे होत नाहीत. या निष्कर्षावर विल्यम रिकर यांनी १९४७ मध्ये गंभीर आक्षेप घेतले. खुणा लावलेले मासे दमलेले असतात, त्यांच्यावरून सगळ्या माशांबद्दल बोलता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आजही प्रत्येक टॅगच्या अभ्यासाला विचारावा लागतो. पण थॉम्प्सन यांनी अडथळ्याच्या खाली उभे राहून मोजायला सुरुवात केली, हे महत्त्वाचे. त्यांच्या कामावरून हेल्स गेटला उभ्या फटींचे मत्स्यमार्ग बांधले गेले. त्यांत टाक्यांमधल्या भिंतीला तळापासून वरपर्यंत फट असते. त्यामुळे पाण्याची पातळी बरीच वर-खाली झाली तरी मार्ग चालू राहतो आणि माशाला उडी मारावी लागत नाही. आज जगात सर्वाधिक भरवशाचा मानला जाणारा हा नमुना आहे आणि तो आधी मोजून मग बांधलेला आहे.

कोलंबियावर पुढचे पाऊल पडले ते १९८० च्या दशकात, पिट टॅगमुळे. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी ही काचेची नळी माशाच्या पोटात सुईने सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. मासा अँटेनाजवळून गेला की अँटेनाच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. बॅटरी नसल्यामुळे ती माशाच्या आयुष्यभर टिकते. बोटभर पिल्लू डोंगरातल्या ओढ्यात असताना टॅग केले तर ते समुद्राकडे जाताना कोणत्या धरणाशी दिसले, दोन-तीन वर्षांनी परत येताना बॉनविलच्या जिन्यात कोणत्या दिवशी चढले, पुढच्या धरणाला पोचायला त्याला किती दिवस लागले, हे सगळे एकाच क्रमांकाखाली जमा होते. मोजणीदाराच्या खिडकीत प्रत्येक मासा अनोळखी असतो. टॅगमुळे त्याला चरित्र मिळते.

या चरित्रांनी खिडकीच्या आकड्यातल्या बऱ्याच चुका उघड केल्या. काही मासे जिना चढून जातात आणि सांडव्यावरून पुन्हा खाली फेकले जातात. मग ते दुसऱ्यांदा चढतात आणि दोनदा मोजले जातात. रेडिओ टॅगच्या अभ्यासांनी हे मागे पडणे किती मोठे आहे ते दाखवले. लॅम्प्रेची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ईलसारखा दिसणारा हा जबडा नसलेला मासा मुख्यतः रात्री हलतो, म्हणून दिवसाच्या मोजणीत तो अनेक वर्षे नीट आलाच नाही. टॅग लावल्यावर दिसले की बॉनविलच्या पायथ्याशी पोचलेल्या लॅम्प्रेंपैकी निम्म्याहून अधिक वर जाऊ शकत नव्हते. लॅम्प्रे तोंडाच्या चूषकाने भिंतीला चिकटून वर सरकतो. जिन्यातल्या काटकोनी कडांवर त्याची पकड सुटते आणि जोरदार पाणी त्याला मागे ढकलते. सामनसाठी उत्तम असलेला जिना लॅम्प्रेसाठी भिंतच होता. नेझ पर्स, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि याकामा या जमातींच्या अन्नात आणि विधींत लॅम्प्रेला मान आहे. या विषयाचा पाठपुरावा त्यांनीच सर्वाधिक केला. आता कडा गोलसर करून आणि लॅम्प्रेसाठी वेगळ्या उतरत्या पत्र्यांच्या वाटा बांधून दुरुस्ती चालू आहे.

आकडा मोठा असला तरी तो काय झाकतो ते पाहावे लागते. सॉकआय घ्या. १९९५ मध्ये बॉनविलला दहा हजारही सॉकआय मोजले गेले नव्हते. २०२४ मध्ये सात लाखांवर मोजले गेले, म्हणजे १९३८ पासूनचा विक्रम झाला. आनंदाचीच गोष्ट. पण यातले बहुतेक ओकानागन नदीचे, जिथे कॅनडातल्या ओकानागन जमातींनी धरणांतून सोडायच्या पाण्याचे नियोजन बदलून घेतले. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीतून आयडाहोच्या रेडफिश तलावाकडे जाणारे सॉकआय मात्र अजूनही नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहेत. समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आणि आठ धरणे ओलांडून दोन हजार मीटर उंचीवर जाणारा हा मासा. १९९२ मध्ये तिथे एकच परतला होता. खिडकीत दोन्ही सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करतात ते टॅग आणि जनुकीय तपासणी.

२०१५ चा उन्हाळा या सगळ्या यंत्रणेची कसोटी होता. बर्फ कमी पडला होता, नदी लवकर तापली आणि बॉनविल चढून गेलेल्या सुमारे पाच लाख सॉकआयपैकी अडीच लाखांच्या आसपास वाटेतच मेले. कोणत्या दोन धरणांच्या मध्ये किती गळाले हे टॅगमुळे जवळपास त्याच आठवड्यांत कळत होते. स्नेकवरच्या लोअर ग्रॅनाइट धरणात जिन्याच्या वरच्या भागातले पाणी पृष्ठभागावरचे, म्हणून खालच्या पाण्यापेक्षा गरम होते. मासे त्या गरम थराशी येऊन थबकत होते. काही मासे तिथल्या सापळ्यात धरून ट्रकने वर नेले आणि पुढे जलाशयाच्या तळातले थंड पाणी पंपाने जिन्यात सोडायची व्यवस्था झाली. मोजणीचा उपयोग कसा व्हावा याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही: आकडा आला, त्यामागची जागा सापडली, कारण सापडले आणि धरण चालवणाऱ्याला ते दुरुस्त करावे लागले.

तरीही वर जाणारे मासे हा अर्धाच हिशेब. पिल्लांना खाली समुद्राकडे जायचे असते आणि ती जिन्यातून जात नाहीत. ती टर्बाईनमध्ये, सांडव्यावरून किंवा खास बांधलेल्या बगलवाटेतून जातात. शांत जलाशयात त्यांचा वेग मंदावतो, भक्षक मासे टपलेले असतात. म्हणून कोलंबियाच्या खोऱ्यात खरा निकष ठरला तो समुद्राकडे गेलेल्या शंभर पिल्लांमागे किती मोठे मासे परतले हा. वन्य सामनसाठी २ ते ६ टक्के, सरासरी ४ टक्के, असे उद्दिष्ट तिथल्या प्रादेशिक परिषदेने ठेवले आहे. स्नेकच्या माशांना ते बहुतेक वर्षांत गाठता आलेले नाही. आणि धरणांची साखळी असली की साधे अंकगणितही कठोर होते. प्रत्येक धरणापाशी ९० टक्के मासे पार झाले तर एका धरणापुरते ते उत्तम वाटते. पण आठ धरणांनंतर १०० पैकी ४३ उरतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सस्क्वेहाना नदीने हेच अधिक कटूपणे दाखवले. समुद्राकडून पहिले धरण कोनोविंगो. तिथे शॅड माशांना पाण्याच्या पाळण्यात घालून उचलणारी लिफ्ट बसवली. २००१ मध्ये तिने सुमारे १ लाख ९३ हजार शॅड वर नेले आणि यशाच्या बातम्या झाल्या. पण वर आणखी तीन धरणे होती आणि चौथे ओलांडेपर्यंत त्यांतला दहावा हिस्साही उरला नाही. पुढच्या वर्षांत कोनोविंगोचा आकडाच काही हजारांवर घसरला. २०१३ मध्ये ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या किनाऱ्यावरच्या नद्यांचा हिशेब मांडून दाखवले की मत्स्यमार्गांच्या भरवशावर आखलेली पुनर्स्थापनेची उद्दिष्टे कुठेच जवळही आली नव्हती. परवाना देताना एका धरणाचा विचार झाला; मासा मात्र पूर्ण नदी पोहतो.

यावर एक वजनदार आकडा आहे, तो धरणांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असे मला वाटते. नूनन, ग्रँट आणि जॅक्सन यांनी २०१२ मध्ये जगभरचे प्रकाशित अभ्यास एकत्र केले. वर जाताना मत्स्यमार्ग यशस्वीपणे पार करणाऱ्या सामन कुळातल्या माशांचे सरासरी प्रमाण ६१.७ टक्के निघाले. बाकीच्या सगळ्या माशांचे २१.९ टक्के. जिन्यांची कल्पना सामनच्या देशांत, सामनच्या उडीच्या आणि ताकदीच्या मापाने घडली, हे या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते. आणि जगातल्या उष्ण प्रदेशांतल्या नद्यांत बहुतेक सगळे मासे "बाकीचे"च आहेत.

थायलंडमधल्या पाक मून धरणाचे उदाहरण याच कारणासाठी वारंवार दिले जाते. मेकाँगला मिळण्याच्या थोडे आधी मून नदीवर १९९४ मध्ये हे धरण झाले, सोबत माशांचा जिनाही झाला. जागतिक धरण आयोगाने २००० साली केलेल्या पाहणीत दिसले की जिना माशांचे स्थलांतर होऊ देत नव्हता आणि धरणापूर्वी नोंदलेल्या २६५ जातींपैकी किमान ५० जाती वरच्या भागातल्या मासेमारीतून गेल्या होत्या. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. शेवटी धरणाचे दरवाजे वर्षातले काही महिने उघडे ठेवायची तडजोड झाली. ब्राझीलमध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. तिथल्या मोठ्या नद्यांवरच्या काही जिन्यांतून मासे भरपूर चढत होते, आकडे उत्तम होते. पेलिसिसे आणि अगोस्तिन्यो यांनी २००८ मध्ये दाखवले की वर गेलेले मासे परत खाली येत नाहीत, त्यांची अंडी आणि पिल्ले जलाशयाच्या संथ पाण्यात मरतात, आणि वर विणीला योग्य जागा नसेल तर जिना म्हणजे सापळा होतो. म्हणजे खिडकीतला आकडा वाढत असताना नदीतला मासा कमी होत असू शकतो. मत्स्यमार्गाची पाहणी फक्त मार्गापुरती ठेवली तर हे कधीच कळणार नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव आपल्याला सर्वाधिक जवळचा आहे, कारण त्यांनी आपली चूक ओळखून ती दुरुस्त केली. मरे नदीवर सुरुवातीला सामनच्या देशांतले नमुने जसेच्या तसे आणले होते. तिथले पर्च मासे त्यांतून जात नव्हते. मग प्रयोगशाळेत स्थानिक माशांची पोहण्याची ताकद मोजली गेली आणि त्या मापाने १९९१ मध्ये टोरम्बरी इथे उभ्या फटींचा मत्स्यमार्ग झाला. तो चालला. पुढे समुद्रापासून ह्यूम धरणापर्यंतच्या २,२२५ किलोमीटरच्या पट्ट्यात मार्ग बांधण्याचा कार्यक्रम घेतला गेला आणि प्रत्येक नव्या मार्गाची पाहणी पुढच्याचा आराखडा सुधारायला वापरली गेली. सापळ्यात काय सापडते याकडे बारकाईने पाहिल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली: परका कार्प मासा अडला की उडी मारतो, स्थानिक मासे मारत नाहीत. त्यावर कार्प वेगळा काढणारा पिंजरा तयार झाला. पुढे याच जाणकारांनी लाओसमध्ये मेकाँगच्या पूरमैदानावरच्या छोट्या दरवाजांसाठी स्वस्त मत्स्यमार्ग बांधायला मदत केली.

साधनांबद्दल फार लिहायची गरज नाही. गढूळ पाण्यात सोनार ध्वनिलहरींनी माशाची आकृती दाखवतो, जात मात्र नीट सांगत नाही. अवरक्त किरणांचे काउंटर आकार मोजतात, पाणी गढूळ झाले की आंधळे होतात. पाण्यातल्या सुट्या डीएनएवरून जाती कळतात, संख्या कळत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात २०२१ पासून कालव्याच्या लॉकपाशी, म्हणजे बोटींसाठीच्या दरवाजांपाशी, पाण्याखाली कॅमेरा आहे. घरबसल्या पाहणाऱ्या कोणालाही अडलेला मासा दिसला की तो घंटेचे बटण दाबतो आणि लॉकचा दरवाजा उघडायचा की नाही ते ठरते. तो प्रयोग मला आवडतो तो लोकांना सामील करून घेतो म्हणून, आणि तिथला कॅमेरा योग्य जागी, म्हणजे मासे अडून राहतात त्या बाजूला आहे म्हणून.

भारतात हा प्रश्न नवा नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या अहवालात नद्यांवरचे बंधारे माशांच्या वाटा अडवतात हे लिहून ठेवले होते. १९३४ मध्ये कावेरीवर मेट्टूर धरण झाले आणि त्यावरच्या भागातला हिल्सा गेला. १९७५ मध्ये गंगेवर फरक्का बॅरेज सुरू झाले. त्याआधी हिल्सा अलाहाबादपर्यंत आणि त्याही पलीकडे जाई, नंतर तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात तो जवळजवळ येईनासा झाला. बराकपूरची केंद्रीय अंतर्स्थलीय मत्स्य संशोधन संस्था आता फरक्काच्या वर मोठे हिल्सा सोडते, त्यांतल्या काहींना टॅग लावते. २०१९ मध्ये फरक्काच्या नव्या जहाज लॉकमधून विणीच्या हंगामात हिल्साला वाट देण्याची योजना जाहीर झाली. मला ती योजना मनापासून हवी आहे. पण ती यशस्वी झाली की नाही हे कशावरून ठरणार? हिल्सा हाताळताच खवले टाकतो आणि पटकन मरतो, म्हणून त्याला टॅग लावणे सामनसारखे सोपे नाही. फरक्काला लॉकच्या खालच्या बाजूला सोनार, लॉकच्या वर सोनार आणि दोन्हींच्या रोजच्या नोंदी खुल्या, एवढे तरी हवे. तेवढे नसेल तर दरवाजा उघडला गेला याची नोंद राहील, मासा गेला याची राहणार नाही.

महाराष्ट्रात देशातली सर्वाधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांतली बहुतेक माशांच्या वाटेचा विचार न होताच बांधली गेली. आपल्याकडे सामन नाही म्हणून स्थलांतर नाही, असा समज त्यामागे असावा. तो खरा नाही. कोकणात जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, उत्तरेकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. गाभोळीने भरलेले हे मासे नदीतून आणि खाडीतून ओढ्यांत, ओहोळांत, पाणी साचलेल्या शेतांत चढतात आणि तिथे अंडी घालतात. लोक ते पाग टाकून, सापळे लावून धरतात. कोणत्या ओढ्यात कोणत्या पावसाला काय चढते याचे ज्ञान गावोगाव आहे, पण त्याची नोंद कुठेही नाही. सह्याद्रीच्या नद्यांतला अहीर, म्हणजे आपला गोड्या पाण्यातला ईल, उलटा प्रवास करतो: वाढतो नदीत, अंडी घालायला जातो समुद्रात आणि त्याची काडीएवढी पिल्ले पुन्हा नदी चढतात. त्यांना जिना लागत नाही. ओला, खडबडीत उतार पुरतो. न्यूझीलंडमध्ये वायकाटो नदीवरच्या करापिरो धरणाशी अशी ईलची पिल्ले उतारावरून सापळ्यात घेऊन वर नेऊन सोडतात, आणि त्यातूनच दर वर्षी किती आली हेही कळते. युरोपीय संघाने २००७ मध्ये नियम करून समुद्राकडे परतणाऱ्या मोठ्या ईलचे प्रमाण किमान किती राखायचे ते ठरवून दिले. आपण अहीर मोजलेलाच नाही.

दख्खनच्या महसीरचेही तसेच. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये या माशाचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. महसीर पावसाळ्यात वरच्या, वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्याकडे विणीला जातो. लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्ले तयार करून सोडली, महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे म्हणून ते राखले गेले. दोन्ही कामे मोलाची. पण पिल्ले सोडणे म्हणजे वाट मोकळी करणे नव्हे, आणि सोडलेली पिल्ले पुढे कुठपर्यंत गेली याचा माग टॅगशिवाय लागणार नाही.

मोठ्या जुन्या धरणांना जिने लावा, अशी मागणी मी करणार नाही. ५०-६० मीटर उंचीच्या भिंतीवर, आपल्या माशांची पोहण्याची ताकद कोणी मोजलेली नसताना, सामनचा जिना चढवला तर पाक मूनच होईल. सुरुवात कमी उंचीच्या बांधांपासून करता येईल आणि त्यासाठी आपल्याकडे एक तयार साधन आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे खांबांमधल्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा घालतात. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा तर पुरात पाण्याखालीच जातो. म्हणजे माशांच्या चढणीच्या काळात ही वाट उघडी असते, निदान असायला हवी. बर्गे पहिल्या पावसाआधी निघतात की नंतर, गाळ्यांत अडकलेल्या गाळा-कचऱ्यामुळे वाट बुजते का, खांबांमधल्या पाण्याचा वेग छोट्या माशांना झेपतो का, पुढे बर्गे घालताना वर चढलेले मासे आणि त्यांची पिल्ले अडकतात का, हे सारे पाहण्यासारखे आहे. गोदावरीवर जायकवाडीच्या खाली उच्च पातळीचे बंधारे झाले, त्यांचे दरवाजे कधी आणि किती उघडतात यावरही माशांचा हंगाम ठरतो. बंधारा जलसंपदा विभागाचा, मासा मत्स्यव्यवसाय विभागाचा आणि मासे ओळखणारी माणसे भोई आणि कोळी समाजाची, अशी ही विभागणी आहे. त्यांना एकत्र बसवणारा कागद अजून निघायचा आहे.

तो निघाला तर त्यात पहिली अट बंधाऱ्याच्या खालच्या बाजूच्या नोंदीची असावी: जून ते ऑगस्ट रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जाळ्याने, बांधाखाली आणि बांधाच्या वरच्या बाजूला किती आणि कोणते मासे मिळाले, मादीत गाभोळी होती का, पाण्याची पातळी आणि तापमान किती होते. काम स्थानिक मच्छीमारांनी मजुरी घेऊन करावे आणि आकडे त्याच आठवड्यात सगळ्यांना दिसावेत. पाच पावसाळे अशी नोंद एका नदीवर झाली तर बर्गे काढायची तारीख कोणती असावी हे माशांवरून ठरवता येईल.